क्वांटम अंक आणि ऑर्बिटल: पाठांतर बाजूला ठेवून कागदावर मांडून समजून घ्या

रसायनशास्त्र शिकताना एका टप्प्यावर बरेच जण समजून घेणं सोडतात आणि पाठांतराला लागतात. तो टप्पा म्हणजे चार क्वांटम अंक. नियम तोंडपाठ होतात, परीक्षेत गुणही मिळतात, पण हे आकडे आले कुठून हा प्रश्न तसाच राहतो. याची मला मनापासून हळहळ वाटते. आवर्तसारणीच्या ओळी २, ८, ८, १८ अशाच का, सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन इतक्या सहज का सोडतो, लोखंडाच्या क्षारांना चुंबक ओढतो आणि जस्ताच्या क्षारांना का नाही, हे सगळं या चार आकड्यांवरून कागदावर काढता येतं.

कागद-पेन्सिल घेऊनच वाचा. चार अंकांना इथे एन, एल, एम-एल आणि एम-एस म्हटलं आहे. एन आणि एल सारखे असलेल्या ऑर्बिटलांच्या गटाला उपकवच म्हणतात. उपकवचातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या पुस्तकात अक्षराच्या डोक्यावर बारीक छापतात. इथे ती कंसात लिहिली आहे, म्हणजे ३डी(६) याचा अर्थ ३डी उपकवचात सहा इलेक्ट्रॉन.

## पहिली पायरी: डोक्यातलं चित्र बदला

१९१३ मध्ये नील्स बोर यांनी मांडलेलं चित्र आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं: मधे केंद्रक, भोवती ठरलेल्या वर्तुळांवरून फिरणारे इलेक्ट्रॉन. हायड्रोजनच्या वर्णपटाचे आकडे त्या चित्रातून अचूक आले, म्हणून ते टिकलं. पण दोन इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियमपाशीच ते अडलं. १९२४ मध्ये लुई द ब्रॉय यांनी सुचवलं की इलेक्ट्रॉनलाही तरंगाचे गुणधर्म असतात, आणि १९२६ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी त्या तरंगाचं समीकरण लिहिलं.

दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली तार छेडली की ती कशीही कंप पावत नाही. टोकं हलू शकत नाहीत, म्हणून तारेत एक अर्धलाट बसते, दोन बसतात, तीन बसतात. अडीच बसत नाहीत. १, २, ३ हे आकडे बांधलेल्या टोकांमुळे आपोआप आले. अणूतही हेच घडतं. केंद्रकाच्या आकर्षणाने इलेक्ट्रॉनचा तरंग बांधला गेला आहे: केंद्रकापासून फार दूर तो शून्याकडे गेला पाहिजे आणि केंद्रकाभोवती पूर्ण फेरी घेतल्यावर त्याची टोकं एकमेकांशी जुळली पाहिजेत. या अटी पाळणारे मोजकेच आकार शक्य असतात.

तारेला एकच मिती, म्हणून तिला एकच अंक पुरतो. अणू तीन मितींत पसरलेला असल्यामुळे तरंगाचा आकार सांगायला तीन अंक लागतात: एन, एल, एम-एल. चौथा एम-एस तरंगाच्या आकारातून येत नाही, तो इलेक्ट्रॉनच्या अंगभूत गुणधर्माचा आहे. एवढं मनात ठेवलंत तर पुढचा एकही नियम उपरा वाटणार नाही.

या तरंगालाच ऑर्बिटल म्हणतात. ऑर्बिटल म्हणजे वाट नव्हे. १९२६ मध्येच मॅक्स बॉर्न यांनी त्याचा अर्थ लावला: एखाद्या जागी तरंगाच्या किमतीचा वर्ग मोठा असेल, तर तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त.

## दुसरी पायरी: एन, म्हणजे ऊर्जा आणि पसारा

मुख्य क्वांटम अंक एन हा १, २, ३ असा कोणताही धन पूर्णांक असतो. हायड्रोजनमध्ये ऊर्जा केवळ त्यावरच ठरते:

ऊर्जा = −१३.६ ÷ (एन × एन) इलेक्ट्रॉन व्होल्ट

एनच्या जागी १, २, ३, ४ घालून पाहा. −१३.६, −३.४०, −१.५१, −०.८५ असे आकडे मिळतील. ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच की इलेक्ट्रॉन केंद्रकाला बांधलेला आहे. तो सोडवायला तेवढी ऊर्जा द्यावी लागेल. आता तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर उडी मारणारा इलेक्ट्रॉन घ्या. फरक १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. १२४० ला या आकड्याने भागलं की प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते: सुमारे ६५६. हायड्रोजनच्या वर्णपटातली ठळक लाल रेषा नेमकी तिथे असते. एकदा हा भागाकार स्वतः करून पाहाच. सूत्रावरचा विश्वास तिथून येतो.

एन वाढला की ऑर्बिटलचा पसाराही वाढतो, ढोबळमानाने एनच्या वर्गाच्या प्रमाणात. एकाच एनची सगळी ऑर्बिटलं मिळून एक कवच होतं.

## तिसरी पायरी: एल, म्हणजे आकार

एलच्या किमती ० पासून एन − १ पर्यंतच का? जो नियम बहुतेक जण डोळे मिटून पाठ करतात, तो हाच. तारेच्या कंपनात काही बिंदू अजिबात हलत नाहीत, त्यांना नोड म्हणतात. ऑर्बिटलमध्येही तरंगाची किंमत शून्य होते अशा जागा असतात, मात्र तीन मितींमुळे तिथे बिंदूंऐवजी पृष्ठभाग मिळतात. हे नोड दोन प्रकारचे. काही केंद्रकाभोवतीचे पोकळ गोल असतात, त्यांना गोलाकार नोड म्हणू. काही केंद्रकातूनच जाणारे सपाट किंवा शंकूसारखे असतात, ते कोनीय नोड.

एकूण नोड = एन − १
कोनीय नोड = एल
गोलाकार नोड = एन − एल − १

एकूण नोडच एन − १ असतील, तर त्यांतले कोनीय नोड त्याहून जास्त कसे असणार? म्हणून एल कधीच एनइतका होत नाही. १पी, २डी किंवा ३एफ अशी उपकवचं अस्तित्वात का नाहीत, याचं उत्तर या एका ओळीत आहे.

एल ० असेल तर एस, १ असेल तर पी, २ असेल तर डी, ३ असेल तर एफ. पुढे जी, एच असं वर्णमालेप्रमाणे जातं. पण आज ज्ञात असलेल्या ११८ मूलद्रव्यांच्या किमान ऊर्जेच्या अवस्थेत एफच्या पुढे जावं लागत नाही.

एल हा कोनीय संवेगही, म्हणजे गोल फिरण्याचा जोरही, सांगतो. एस ऑर्बिटलमध्ये तो शून्य असतो. बोरच्या चित्रात पहिल्या वर्तुळावरच्या इलेक्ट्रॉनला कोनीय संवेग असायलाच हवा होता, कारण तो गोल फिरत होता. खऱ्या १एस इलेक्ट्रॉनला तो नाही. वर्तुळांचं चित्र सोडण्याचं यापेक्षा सरळ कारण मला माहीत नाही.

## चौथी पायरी: एम-एल, म्हणजे दिशा

एम-एलच्या किमती −एल पासून +एल पर्यंत, एकेकाच्या अंतराने. मोजल्या तर त्या २ × एल + १ भरतात: एसचं एक ऑर्बिटल, पीची तीन, डीची पाच, एफची सात. अणू मोकळा असताना एका उपकवचातल्या या सगळ्यांची ऊर्जा सारखीच असते, कारण मोकळ्या अवकाशात कोणतीही दिशा खास नसते. चुंबकीय क्षेत्र लावलं की एक दिशा खास होते आणि पातळ्या फुटतात. पीटर झेमन यांनी १८९६ मध्ये चुंबकाच्या सान्निध्यात सोडियमच्या वर्णरेषा रुंदावताना पाहिल्या, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागायचा होता. या अंकाला चुंबकीय म्हणतात ते याचमुळे.

इथे एक सावधगिरी. तीन पी ऑर्बिटलं आपण एक्स, वाय आणि झेड अक्षांवर डमरूसारखी काढतो आणि त्यांना +१, ०, −१ अशा किमती चिकटवून मोकळे होतो. झेड अक्षावरच्या ऑर्बिटलची किंमत ० असते, इथपर्यंत ठीक. मात्र एक्स आणि वाय अक्षांवरची ऑर्बिटलं +१ आणि −१ या दोन तरंगांच्या मिश्रणातून तयार होतात. त्यांतल्या एकाला +१ आणि दुसऱ्याला −१ म्हणणं चूक आहे. संख्या जुळते, कारण दोन तरंग मिसळून दोनच नवे तरंग मिळतात.

## पाचवी पायरी: एम-एस

१९२२ मध्ये ऑटो स्टर्न आणि वाल्टर गेर्लाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. झोताचे दोन भाग झाले. चांदीच्या अणूत एकटा इलेक्ट्रॉन ५एसमध्ये असतो, म्हणजे त्याचा एल शून्य. त्यामुळे झोत एकच राहायला हवा होता. शिवाय २ × एल + १ ही संख्या नेहमी विषम येते, दोन कधीच येत नाही. दोन मिळवायचे तर एलच्या जागी अर्धा ठेवावा लागतो: २ × १/२ + १ = २.

हा अर्धा म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन. जॉर्ज उलेनबेक आणि सॅम्युएल गाउडस्मिट यांनी तो १९२५ मध्ये मांडला. एम-एसच्या किमती दोनच: +१/२ आणि −१/२. नाव स्पिन असलं तरी स्वतःभोवती गिरकी घेणारा गोळा डोळ्यांपुढे आणू नका. वस्तुमान आणि विद्युतप्रभार जसे इलेक्ट्रॉनला मुळातच असतात, तसाच हाही.

त्याच वर्षी वोल्फगांग पाउली यांनी नियम दिला: एका अणूतल्या कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही अंक सारखे नसतात. ऑर्बिटल ठरलं की तीन अंक ठरले; चौथ्यासाठी दोनच पर्याय उरतात. म्हणून एका ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन. तिथून एसमध्ये २, पीमध्ये ६, डीमध्ये १०, एफमध्ये १४, आणि पूर्ण कवचात २ × एन × एन.

## थांबा, इथे तपासणी करा

पुढे जाण्याआधी खालचे संच शक्य आहेत का ते स्वतः ठरवा. क्रम एन, एल, एम-एल, एम-एस असा आहे आणि तपासायचाही त्याच क्रमाने.

(२, २, ०, +१/२): अशक्य. एन २ असताना एल फार तर १.
(३, १, −२, +१/२): अशक्य. एल १ असताना एम-एल −१, ० किंवा +१.
(४, ३, −३, −१/२): शक्य. हा ४एफमधला इलेक्ट्रॉन.
(१, ०, ०, ०): अशक्य. एम-एस शून्य नसतो.

उलट्या दिशेचे प्रश्नही येतात. एन ४ आणि एम-एल +१ असलेले इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त किती? एन ४ म्हणजे एल ०, १, २, ३. यांतल्या एसमध्ये +१ नाही. पी, डी, एफ प्रत्येकात एकेक ऑर्बिटल आहे. तीन ऑर्बिटलं, सहा इलेक्ट्रॉन. एन ५ आणि एम-एस +१/२ असलेले किती? पाचव्या कवचात पंचवीस ऑर्बिटलं, प्रत्येकात असा एक, म्हणून पंचवीस. सूत्र न शोधता यादी करत गेलात तर असे प्रश्न चुकत नाहीत.

## सहावी पायरी: ऑर्बिटल काढून पाहा

मला सगळ्यांत जास्त आवडणारा भाग हा. १एस, २एस, २पी, ३एस, ३पी, ३डी अशी नावं एकाखाली एक लिहा आणि वरच्या सूत्रांनी प्रत्येकाचे नोड मोजा. १एसला एकही नाही. २एसला एक गोलाकार. २पीला एक कोनीय, म्हणजे डमरूच्या दोन फुग्यांमधून जाणारं सपाट पृष्ठ. ३एसला दोन गोलाकार. ३पीला एक कोनीय आणि एक गोलाकार. ३डीला दोन कोनीय. आता चित्र काढताना आधी नोड आखा, मग उरलेल्या जागा भरा, आणि नोड ओलांडला की चिन्ह बदला: एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. ही चिन्हं विद्युतप्रभाराची नाहीत, तरंगाचा चढ-उतार दाखवणारी आहेत. पुढे रासायनिक बंध शिकताना कोणती दोन ऑर्बिटलं जुळतात आणि कोणती एकमेकांना खोडतात हे याच चिन्हांवरून कळतं, म्हणून ती आत्ताच लिहायची सवय लावा.

३डीची चार ऑर्बिटलं चार पाकळ्यांची निघतील, कारण दोन सपाट नोड एकमेकांना काटकोनात छेदतात. पाचवं वेगळं दिसतं: झेड अक्षावर दोन फुगे आणि मधे कडं. तिथेही कोनीय नोड दोनच आहेत, फक्त ते शंकूच्या आकाराचे आहेत. मोजणी इथेही बरोबर जुळते.

आता १एसकडे जरा निवांतपणे पाहू, कारण इथे दोन खरी विधानं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पहिलं: इलेक्ट्रॉन सापडण्याची घनता केंद्रकाच्या जागीच सर्वाधिक असते. दुसरं: इलेक्ट्रॉन सापडण्याचं सर्वांत संभाव्य अंतर ५२.९ पिकोमीटर आहे. दोन्ही कसं शक्य आहे? घनता म्हणजे एका छोट्या ठरावीक घनफळातली शक्यता. ती मध्यभागी सर्वांत जास्त. अंतराचा प्रश्न विचारला की त्या अंतरावरच्या संपूर्ण गोल पापुद्र्यातली शक्यता मोजावी लागते. केंद्रकापाशी घनता भरपूर, पण पापुद्रा इवलासा. दूर गेलं की पापुद्रा मोठा, पण घनता घसरलेली. दोहोंचा गुणाकार ५२.९ पिकोमीटरला शिखर गाठतो, आणि हीच बोरच्या पहिल्या वर्तुळाची त्रिज्या. बोर यांनी जिथे वाट आखली होती, तिथे खरं तर शक्यतेच्या आलेखाचं टोक आहे.

ऑर्बिटलला कडा नसते. पुस्तकातला गोल साधारणपणे ९० टक्के शक्यता सामावणारा काढतात. हायड्रोजनच्या १एससाठी त्याची त्रिज्या सुमारे १४१ पिकोमीटर येते. उरलेले १० टक्के त्या रेषेबाहेर असतात. २एसचा गोलाकार नोड १०६ पिकोमीटरवर आहे, आणि त्याच्या आतही २एसचा छोटासा हिस्सा असतो. हा आतला हिस्सा लक्षात ठेवा, लगेचच लागणार आहे.

## सातवी पायरी: भरण्याचा क्रम, आणि त्यामागचं कारण

हायड्रोजनमध्ये ३एस, ३पी आणि ३डी यांची ऊर्जा, अगदी बारीक फरक सोडले तर, एकच असते. दुसरा इलेक्ट्रॉन आला की ही समानता मोडते. सोडियमचे आकडे पाहा. त्याचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या ऑर्बिटलमध्ये असताना तो सोडवायला इतकी ऊर्जा लागते:

३एस: ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट
३पी: ३.०४
४एस: १.९५
३डी: १.५२

हायड्रोजनच्या तिसऱ्या पातळीचा आकडा आठवा: १.५१. सोडियमचा ३डी इलेक्ट्रॉन जवळजवळ तिथेच आहे. म्हणजे त्याला केंद्रकाचे अकरा धनप्रभार दिसतच नाहीत. आतल्या दहा इलेक्ट्रॉनांनी दहा झाकले, एक उरला. ३एसचं तसं नाही. त्याचे आतले छोटे हिस्से त्या दहा इलेक्ट्रॉनांच्या पडद्याच्या आत घुसतात, तिथे केंद्रकाची उघडी ओढ लागते आणि बंधन घट्ट होतं. पी थोडा कमी घुसतो, डी जवळजवळ नाहीच, कारण कोनीय नोड केंद्रकातून जातात आणि एल वाढेल तसा तरंग केंद्रकापासून दूर सारला जातो. ३पीवरून ३एसवर उतरताना २.१० इलेक्ट्रॉन व्होल्ट सुटतात. सोडियमच्या दिव्याचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश तो हाच.

याच यादीत ४एस ३डीपेक्षा घट्ट बांधलेला आहे हेही दिसतं. एन मोठा असूनही घुसखोरीने बाजी मारली. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ३डीमध्ये न जाता ४एसमध्ये का जातो, याचं उत्तर मिळालं.

हाताशी ठेवायचा नियम असा: एन + एल ज्याचं कमी ते आधी, बेरीज सारखी असेल तर एन कमी असलेलं आधी. पुस्तकातल्या तिरक्या बाणांच्या आकृतीपेक्षा ही बेरीज मला भरवशाची वाटते, कारण बाण विसरले तरी बेरीज करता येते. बेरजेप्रमाणे गट करून लिहा:

१: १एस
२: २एस
३: २पी, ३एस
४: ३पी, ४एस
५: ३डी, ४पी, ५एस
६: ४डी, ५पी, ६एस
७: ४एफ, ५डी, ६पी, ७एस
८: ५एफ, ६डी, ७पी

ही यादी सलग वाचा आणि प्रत्येक एसपाशी नवी ओळ सुरू करा. क्षमतांची बेरीज २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ येईल. सगळे मिळून ११८. आवर्तसारणी समोर ठेवून ओळी मोजा, हेच आकडे मिळतील. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये गुणधर्मांवरून मांडलेल्या सारणीचा सांगाडा एका बेरजेतून उभा राहतो, आणि हे मला दर वेळी तितकंच थक्क करतं.

## आठवी पायरी: चौकटी भरा

एका उपकवचात अनेक ऑर्बिटलं असतील तर हुंड यांचा नियम: आधी प्रत्येक चौकटीत एकेक इलेक्ट्रॉन, सगळ्यांचे स्पिन एकाच दिशेला, मगच जोड्या. वेगवेगळ्या ऑर्बिटलमध्ये राहिल्याने ऋणप्रभार एकमेकांपासून लांब राहतात आणि सारख्या स्पिनमुळे ऊर्जा आणखी खाली येते. नायट्रोजनच्या २पीमध्ये तीन एकटे इलेक्ट्रॉन. ऑक्सिजनमध्ये चौथा आल्यावर एक जोडी होते, दोन एकटे उरतात.

लोखंड पूर्ण करून पाहू. अणुअंक २६. यादीप्रमाणे: १एस(२) २एस(२) २पी(६) ३एस(२) ३पी(६) ४एस(२) ३डी(६). बेरीज २६, बरोबर. सुरुवातीचे अठरा म्हणजे आरगॉनचं संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी), म्हणून थोडक्यात: आरगॉन, मग ३डी(६) ४एस(२). पाच चौकटी काढा, पाचांत एकेक वर जाणारा बाण, सहावा बाण पहिल्या चौकटीत खाली. एकटे इलेक्ट्रॉन चार.

‘शेवटच्या इलेक्ट्रॉनचे चार अंक लिहा’ असा प्रश्न हमखास विचारतात. लोखंडासाठी एन ३ आणि एल २ हे निश्चित. एम-एल कोणता हे कोणत्या चौकटीपासून सुरुवात केली यावर, आणि एम-एस कोणता हे वरच्या बाणाला काय मानलं यावर अवलंबून आहे. दोन्ही संकेत आहेत. मुळात इलेक्ट्रॉनांवर क्रमांक लिहिलेले नसतात, सगळे एकसारखे. उत्तर लिहिताना आपला संकेत एका वाक्यात सांगून टाका, म्हणजे वाद उरत नाही.

## नववी पायरी: आयन

सर्वांत जास्त चुका इथे होतात. लोखंडाचे दोन इलेक्ट्रॉन काढायचे तर ते ३डीतून काढू नका. ४एसमधून काढा. +२ आयन: ३डी(६). +३ आयन: ३डी(५), पाचही एकटे.

शेवटी भरलं ते आधी का नाही निघत? कारण भरण्याचा क्रम हा सारणीत एकेक मूलद्रव्य पुढे जाण्याचा क्रम आहे, आणि तसं जाताना केंद्रकाचा प्रभारही एकेकाने वाढतो. आयन होताना केंद्रक तेच राहतं. स्कँडियमपासून पुढे ३डी आत आकसलेलं असतं आणि ४एस बाहेर पसरलेलं, म्हणून आधी ४एस रिकामं होतं. +२ प्रभाराच्या स्कँडियमचं संरूपण आरगॉन, ३डी(१) असं आहे. एकुलता एक उरलेला इलेक्ट्रॉन ३डीमध्येच बसतो. संक्रमण मूलद्रव्यांत (डी उपकवच भरत जाणाऱ्या मधल्या मूलद्रव्यांत) बाहेरच्या कवचातले आधी, हे धरून चालायचं.

## अपवाद किती पाठ करायचे?

क्रोमियम: ३डी(५) ४एस(१). तांबे: ३डी(१०) ४एस(१). हे दोन लक्षात ठेवा. कारण म्हणून ‘अर्धं किंवा पूर्ण भरलेलं उपकवच स्थिर’ असं सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण त्याला नियम समजू नका. क्रोमियमच्याच गटात मॉलिब्डेनम ४डी(५) ५एस(१) असा वागतो, त्याखालचा टंगस्टन मात्र ५डी(४) ६एस(२). नायोबियम ४डी(४) ५एस(१) आहे, तिथे डी अर्धंही भरलेलं नाही. पॅलेडियमने तर ५एस पूर्ण रिकामं ठेवून ४डी(१०) केलं आहे. या ठिकाणी डी आणि एस यांची ऊर्जा इतकी जवळ आलेली असते की इलेक्ट्रॉनांमधलं परस्पर प्रतिकर्षण निकाल फिरवतं. एन + एल हा उत्तम अंदाज आहे, निसर्गाचा कायदा नाही.

## हातासरशी तीन उदाहरणं

जस्ताच्या अणूत (३०) एम-एल ० असलेले इलेक्ट्रॉन किती? चार एस ऑर्बिटलांतले आठ, २पी आणि ३पीमधल्या एकेका ऑर्बिटलचे चार, ३डीमधल्या एका ऑर्बिटलचे दोन. एकूण चौदा. जस्ताचं सगळंच भरलेलं असल्यामुळे इथे संकेताचा प्रश्न येत नाही.

४डी ऑर्बिटलमध्ये नोड किती? एकूण तीन, त्यांतले कोनीय दोन, गोलाकार एक.

एका +२ आयनाचं संरूपण आरगॉन, ३डी(७) आहे. मूलद्रव्य कोणतं, एकटे इलेक्ट्रॉन किती? अठरा अधिक सात पंचवीस, गेलेले दोन मिळवून सत्तावीस: कोबाल्ट. पाच चौकटींत सात बाण, दोन जोड्या, तीन एकटे. फक्त स्पिन धरून चुंबकीय आघूर्ण (अणूच्या चुंबकत्वाचं माप, एकक बोर मॅग्नेटॉन) काढायचं सूत्र म्हणजे ‘एकटे × (एकटे + २)’ याचं वर्गमूळ. ३ × ५ = १५, वर्गमूळ ३.८७ बोर मॅग्नेटॉन. मँगनीजच्या +२ आयनासाठी हेच केलं तर पाच एकटे, ३५ चं वर्गमूळ ५.९२, आणि मोजलेली किंमतही ५.९ च्या आसपास येते. कोबाल्टच्या, भोवती सहा अणू किंवा रेणू जोडलेले असलेल्या, तीन एकट्या इलेक्ट्रॉनांच्या संयुगांत मात्र मोजलेली किंमत साधारण ४.३ ते ५.२ येते, म्हणजे सूत्रापेक्षा बरीच जास्त. मँगनीजमध्ये पाचही चौकटींत एकेक इलेक्ट्रॉन असल्याने एम-एलची बेरीज −२ − १ + ० + १ + २ = ० होते आणि चुंबकत्व निव्वळ स्पिनचं उरतं. कोबाल्टमध्ये ही बेरीज पूर्ण मिटत नाही, म्हणून कक्षीय हालचालीचा वाटा त्यात मिळतो. ३डी(७) च्या चौकटी काढून एम-एलची जास्तीत जास्त बेरीज किती येते ते करून पाहा: जोड्या +२ आणि +१ च्या चौकटींत ठेवल्या तर ती ३ येते.